ऑन्टॅरिओ सरोवराचा सॅमन आणि सॅम्युअल विल्मट

उत्तर अमेरिकेत कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्या सीमेवर ऑन्टॅरिओ नावाचे गोड्या पाण्याचे विशाल सरोवर पसरले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या सरोवरात सॅमन नावाचा मासा विपुल होता. शरद ऋतू आला की सॅमनचे थवेच्या थवे सरोवरास मिळणाऱ्या ओढ्यांतून प्रवाहाविरुद्ध वर चढत आणि तळाच्या खड्यांत अंडी घालीत. त्या दिवसांत शेतकरी गवताच्या दाताळ्यांनीही मासे उचलून नेत. ही संपत्ती कधी सरेल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

अशाच एका ओढ्याच्या काठी, कॅनडातील न्यूकॅसल गावाजवळ, १८२२ साली सॅम्युअल विल्मट यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जमीनमोजणीचे काम करीत. शिक्षण पुरे झाल्यावर सॅम्युअल घरची शेती पाहू लागले. ओढा त्यांच्या शेतातूनच वाहत असे. वर्षे लोटली तसे ओढ्यातील मासे कमी होत चालले. वसाहतवाल्यांनी अरण्ये तोडली, त्यामुळे ओढ्यांवरची सावली नाहीशी होऊन पाणी तापू लागले. लाकडे कापण्याच्या गिरण्यांसाठी घातलेल्या बंधाऱ्यांनी माशांची वाट अडविली. गिरण्यांचा भुसा पाण्यात साचला. उरलेसुरले मासे लोक रात्री मशालींच्या उजेडात भाल्यांनी मारीत.

इतर लोक हळहळून स्वस्थ बसले. विल्मट यांनी मात्र प्रयोग आरंभिला. १८६६ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या घराच्या तळघरात झऱ्याचे पाणी आणून कुंड्या तयार केल्या. मादीची अंडी काढून घ्यावी, त्यांवर नराचे बीज सोडावे आणि ती अंडी वाहत्या थंड पाण्यात जपावी, अशी ती रीत होती. नैसर्गिक स्थितीत बहुतेक अंडी व पिले नष्ट होतात. येथे ती सुरक्षित राहत. हिवाळाभर विल्मट यांनी त्यांची निगा राखली. वसंत ऋतूत पिले बाहेर पडली, तेव्हा ती त्यांनी ओढ्यात सोडली.

लवकरच सरकारने या कार्यास साहाय्य दिले. १८७६ साली विल्मट कॅनडाच्या मत्स्यसंवर्धन कार्याचे अधीक्षक झाले. त्यांच्या देखरेखीखाली ठिकठिकाणी उबवण केंद्रे निघाली व लक्षावधी पिले पाण्यात सोडली गेली. त्यांच्या ओढ्यात सॅमन पुन्हा मोठ्या संख्येने चढू लागले. आपण जिंकलो, असे कोणासही वाटले असते.

पण तो आनंद टिकला नाही. काही वर्षांतच मासे पुन्हा घटले. अशा वेळी अपयश झाकण्याचा मोह अनेकांना होतो. विल्मट यांनी तसे केले नाही. १८८१ साली त्यांनी सरकारी अहवालात मोकळेपणाने मान्य केले, की सरोवराच्या काठचे ओढे आता सॅमनच्या वाढीस योग्य राहिलेले नाहीत. ओढाच बिघडला असेल, तर कितीही पिले सोडून काय लाभ? ज्या कामात आयुष्य वेचले त्याच्याच मर्यादा त्यांनी अशा प्रकारे जगापुढे मांडल्या. १८९८ च्या सुमारास ऑन्टॅरिओ सरोवरातील मूळचा सॅमन नामशेष झाला आणि १८९९ साली विल्मटही निवर्तले.

त्यांनी सांगितलेले सत्य मात्र वाया गेले नाही. सरोवरातील सॅमन समुद्रात जाऊन परत येत असे, की सरोवरातच आयुष्य काढीत असे, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. उत्खननात सापडलेल्या जुन्या हाडांची रासायनिक परीक्षा करून संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले, की त्यांनी तपासलेले सॅमन सरोवरातच वाढलेले होते. यावरून या सरोवरासाठी कोणत्या जातकुळीचे मासे आणावेत, याचा विचार करणे सोपे झाले. २००६ पासून तेथे सॅमन पुन्हा वसविण्याचा मोठा प्रयत्न सुरू झाला. त्यात केवळ पिले सोडून थांबलेले नाहीत. ओढ्यांच्या काठी झाडे लावणे व बंधाऱ्यांपाशी माशांना वाट करून देणे हेही त्याचे अंग आहे.

यश मिळविणारे अनेक असतात. पण स्वतःचे अपयश प्रामाणिकपणे नोंदवून पुढच्यांची वाट उजळणारा मनुष्य विरळा. विल्मट हे त्यांपैकी एक होत.