न्यायमूर्ती रानडे आणि दख्खनचा शेतकरी कायदा

महादेव गोविंद रानडे (जन्म : निफाड, १८ जानेवारी १८४२, मृत्यू : मुंबई, १६ जानेवारी १९०१) हे न्यायाधीश, अर्थचिंतक, इतिहासकार व समाजसुधारक होते. प्रार्थना समाज, सामाजिक परिषद आणि मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ यांमुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. त्यामानाने त्यांच्या नोकरीतील एक मोठा कालखंड दुर्लक्षित राहिला आहे. १८८१ ते १८९३ या काळातील बरीच वर्षे त्यांनी १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याच्या अंमलबजावणीत घालवली. शेती, कर्ज आणि जमिनीची मालकी यांविषयीचे त्यांचे विचार या कामातून घडले.

== पूर्वायुष्य ==
रानड्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या सेवेत होते. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत आले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या २१ विद्यार्थ्यांत ते एक होते. १८६२ मध्ये बी.ए. व १८६६ मध्ये एल्एल.बी. झाल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले आणि अक्कलकोट व कोल्हापूर संस्थानांतही काम पाहिले. १८७१ च्या अखेरीस ते पुण्यास दुय्यम न्यायाधीश म्हणून रुजू झाले.

पुण्यात गणेश वासुदेव जोशी यांनी १८७० मध्ये स्थापन केलेली सार्वजनिक सभा नुकतीच कार्य करू लागली होती. सरकारी नोकरीमुळे रानडे सभेचे पदाधिकारी नव्हते, तरी तिच्या विचारांची दिशा बहुतांशी त्यांनीच ठरवली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगाव माणसे पाठवून माहिती मिळवली आणि सरकारकडे अहवाल धाडले. १८७८ पासून निघू लागलेल्या सभेच्या त्रैमासिकातील शेतीविषयक लेखांपैकी बरेच रानड्यांचे आहेत.

== सुप्याचा उठाव आणि नवा कायदा ==
१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. त्यांचा रोख पैशांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, गहाणखते व हुकूमनामे हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले.

कागदांवरच राग का निघाला, हे त्या काळचे कायदे पाहिल्याशिवाय कळत नाही. रयतवारी पद्धतीने खातेदाराला जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क दिला होता, म्हणजेच जमीन कर्जाचे तारण झाली होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोच्या हितासाठी केलेली ही तरतूद त्याच्याच गळ्याशी आली. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. थोड्याच वर्षांत मूळ रक्कम ओळखू येईनाशी होई. न्यायालय मात्र रोख्यावरचा आकडा आणि खालचा अंगठा एवढेच पाही. निरक्षर कुळ तालुक्याच्या कचेरीत हजर होत नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढा भाव होता, तोवर हे सारे खपून गेले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले; तशातच तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत भरून साऱ्याचे दर वाढवण्यात आले.

चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा सतरावा कायदा झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन देवघेवीचा हिशेब पहिल्यापासून तपासावा आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज देववू नये, असे त्यात होते. दामदुपटीचा जुना नियमच अशा रीतीने शेतकऱ्यासाठी कायद्यात आला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद करता येईना आणि स्पष्टपणे गहाण न दिलेली जमीन जप्त करता येईना. दावा लावण्यापूर्वी तडजोडीचा प्रयत्न सक्तीचा झाला, किरकोळ दाव्यांसाठी ग्राममुन्सफ नेमले गेले आणि सावकारावर पावती व हिशेब देण्याचे बंधन आले. नेहमीचे अपील काढून टाकून त्याऐवजी न्यायनिवाड्यांची तपासणी करणारा स्पेशल जज्ज नेमण्यात आला.

== कायद्याच्या कामातील वर्षे ==
१८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे पुण्याच्या सुशिक्षितांकडे सरकार संशयाने पाहत होते. रानड्यांची बदली धुळ्यास झाली, ती याच वातावरणात. त्याच सरकारने दोन वर्षांत त्यांना डॉ. पोलन यांच्या हाताखाली असिस्टंट स्पेशल जज्ज नेमले, यात त्यांच्या न्यायदानाविषयी असलेला विश्वास दिसतो. १८८४ मध्ये ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टात गेले. १८८५ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली, पुढच्या वर्षी ते वित्त समितीचे सभासद झाले आणि १८८७ मध्ये स्पेशल जज्ज म्हणून पुन्हा याच कायद्याकडे परतले.

हे काम खुर्चीत बसून होण्यासारखे नव्हते. दुय्यम न्यायालये, ग्राममुन्सफ व तडजोड करून देणारे यांची दप्तरे तपासत त्यांना तालुक्यातालुक्यांतून हिंडावे लागे. या फिरतीत पत्नी रमाबाई अनेकदा सोबत असत आणि त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात तिचे वर्णन आले आहे. रानड्यांची दृष्टी अधू असल्याने कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत. तरीही हिशेबातील बारीक विसंगती त्यांच्या लक्षात येत असे.

कायद्याच्या उणिवाही पुढे येत गेल्या. शेतकऱ्याची जप्ती अवघड झाल्यावर सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याचे वचन तोंडी राहू लागले. कागदाविरुद्ध तोंडी पुरावा चालत नसल्याने कुळाची जमीन कायमची जाई. व्यवहार वरून विक्रीचा असला तरी मुळात गहाणाचा होता, हे दाखवण्याची मुभा पुढच्या एका दुरुस्तीने मिळाली. तेव्हा रानडे या पदावर नव्हते. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात गेले होते.

== जमीन व पतपुरवठ्याविषयी विचार ==
कर्जबाजारीपणाचे खापर एकट्या सावकारावर फोडणे रानड्यांना मान्य नव्हते. ठरलेल्या तारखेला रोख सारा भरावा लागतो, दर केव्हा वाढेल याचा नेम नसतो आणि पैसा पुरवणारा सावकाराखेरीज कोणी नाही, ही त्यांच्या मते खरी दुखणी होती. म्हणून सारा दीर्घ काळ स्थिर असावा, असा त्यांचा आग्रह होता. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली तेव्हा रानड्यांनी तिला पाठिंबा दिला. भारत सरकार अनुकूल असूनही लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती नाकारली. प्रशियातील जमीनसुधारणा व रशियातील भूदासांची मुक्तता यांवर त्यांनी लेख लिहिले. युरोपातील जमीन-तारण पेढ्यांवर १८९१ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी सरकारी देखरेखीखाली स्वस्त कर्जाची व्यवस्था सुचवली. यांतील काही लेख १८९८ च्या अर्थशास्त्रीय निबंधसंग्रहात आहेत.

कसणाऱ्याची जमिनीपासून पूर्ण ताटातूट होणे त्यांना राष्ट्रीय संकट वाटे. सर्वत्र केवळ लहान खातेदार असावेत, हेही मात्र त्यांना पटत नव्हते. भांडवल असलेला मोठा शेतकरीवर्गही हवा, असे ते म्हणत आणि त्यामुळे जमीनविक्रीवर सरसकट बंदी घालण्यास ते अनुकूल नव्हते. त्यांच्या विचारातील हा भाग आजही वादाचा आहे, कारण जमीन विकण्याच्या मोकळिकीचा लाभ त्या काळी मुख्यतः सावकारालाच होत होता.

समकालीन टीकाकारांत जोतीराव फुले प्रमुख होते. शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, अशा आशयाचे प्रतिपादन रानड्यांनी एका भाषणात केले, त्यास उत्तर म्हणून फुल्यांनी १८८५ मध्ये ‘इशारा’ ही पुस्तिका लिहिली. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यापूर्वीच लिहून झाला होता. रानडे सारा, पत व कायदा यांच्या चौकटीत प्रश्न मांडत. फुल्यांच्या मांडणीत भटशाही, नोकरशाही व अज्ञान यांना मध्यवर्ती स्थान होते. न्यायालयातील कारकून व वकील कुळाला कसे नाडतात, हा फुल्यांचा अनुभव रानड्यांच्या अर्थशास्त्रीय निबंधांत तितक्या तीव्रतेने येत नाही.

== मृत्यूनंतर ==
रानड्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, १९०१ मध्ये, मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्याची दुरुस्ती मांडली. साऱ्याच्या थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क न देण्याची त्यात तरतूद होती. रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदेमंडळात तिला विरोध केला. विधेयक लांबणीवर टाकण्याची मागणी फेटाळली गेल्यावर फिरोजशहा मेहता, गोखले व आणखी काही सभासदांनी सभात्याग केला, तरी विधेयक संमत झाले. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ मध्ये आला. दख्खन शेतकरी कायदा पुढे मुंबई इलाख्याच्या इतर भागांनाही लागू करण्यात आला व १९३९ आणि १९४७ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्यांनी त्याची जागा घेतली.