चित्रपटनिर्माते कै. दादासाहेब फाळके

चांदा आणि गडचिरोलीच्या रानावनांतील खेड्यांतूनही आज मुलांच्या हाती मोबाइल आला आहे व त्यावरील व्हिडिओ गेममध्ये ती तासन् तास रमून जातात. पडद्यावरील चित्रे धावतात, उड्या मारतात, झुंजतात. परंतु ती कोणी धावविली, त्यासाठी द्रव्य कोणी उभे केले, चित्रकार, संगीतज्ञ, यंत्रज्ञ अशा नाना गुणांच्या माणसांस एका कामास कोणी लाविले, हा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो. आपल्या झाडीपट्टीत धानाची कापणी व मळणी आटोपली म्हणजे गावोगाव रात्रभर नाटके चालतात. तेथेही नट सर्वांच्या ओळखीचा असतो. मंडप, दिवे, वाद्ये आणि मंडळींचे जेवण यांची चिंता वाहणारा मनुष्य मात्र पडद्याआडच राहतो. अशा मनुष्यास निर्माता म्हणतात. हलत्या चित्रांचा निर्माता कसा असावा, हे आपल्या देशास ज्यांनी प्रथम दाखवून दिले, त्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे चरित्र वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. मुलानेही शास्त्री व्हावे, अशीच त्या घराण्याची रीत. परंतु धुंडिराजाचा ओढा लहानपणापासून चित्रकलेकडे व नाना प्रकारच्या करामतींकडे होता. वडिलांस मुंबईस अध्यापनाचे काम मिळाल्यावर कुटुंब तेथे आले आणि १८८५ मध्ये धुंडिराजाने सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण व छपाईच्या विविध कृती यांचे शिक्षण घेतले. जादूचे प्रयोगही ते शिकले.

यानंतरची त्यांची वीस वर्षे पाहिली असता कोणाही पित्यास काळजी वाटावी. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा मांडला. पण प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दोघेही गेली. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला व सरस्वतीबाई त्यांच्या घरी आल्या. १९०३ मध्ये पुराणवस्तुसंशोधन खात्यात त्यांस छायाचित्रकार व आरेखकाची नोकरी मिळाली, तीही त्यांनी थोड्या वर्षांतच सोडली. मग लोणावळ्यास छापखाना काढला, राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचे काम केले, छापखाना दादरला आणिला, आणि रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशी पटेना, म्हणून तो भरभराटीचा धंदाही त्यांनी सोडून दिला. चाळिशी आली, संसार वाढला आणि हाती ठाम असा व्यवसाय नाही, अशी ही स्थिती होती.

अशा दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईत गिरगावातील अमेरिका-इंडिया या तंबूतील चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. ज्या प्रभूचे चरित्र आपण ख्रिस्ती लोक लहानपणापासून ऐकत आलो, ते पडद्यावर पाहून हा ब्राह्मण गृहस्थ भारावून गेला, हे आम्हांस विशेष वाटते. चित्रातील प्रसंग पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांपुढे श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ व अयोध्या उभी राहू लागली. परदेशीयांनी आपल्या श्रद्धेची कथा जशी चित्रित केली, तशी आपल्या देशाची कथा आपल्याच माणसांनी का चित्रित करू नये, हा विचार त्यांच्या मनात ठाण मांडून बसला.

त्यांनी एक खेळण्यातील कॅमेरा व चित्रपटविषयक पुस्तके मिळविली. रोज चित्रपट पाहावयाचे आणि रात्री जागून प्रयोग करावयाचे, असा क्रम त्यांनी चालविला. त्या श्रमाने काही काळ त्यांची दृष्टी गेली. वैद्यकीय उपचारांनी ती परत आली. मग आयुष्याचा विमा गहाण टाकून ते १९१२ च्या आरंभी विलायतेस गेले. तेथे बायोस्कोप या साप्ताहिकाच्या संपादकांनी व सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्यांनी त्यांस आपलेपणाने साहाय्य केले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीस छिद्रे पाडण्याचे यंत्र व फिल्मची मागणी नोंदवून ते दोन महिन्यांत परतले.

आता भांडवल हवे होते; पण न पाहिलेल्या गोष्टीवर पैसा कोण लावणार? तेव्हा दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोप वाढत असता त्याची एकेक चौकट क्रमाक्रमाने टिपली. ती फीत पडद्यावर दाखविताच महिनाभराची वाढ मिनिटभरात दिसू लागली. प्रत्येक चित्र स्वतः निश्चल असते. ती भराभर एकामागून एक दिसली म्हणजे डोळ्यांस चलन भासते. आजच्या व्हिडिओ गेममध्येही सेकंदास तीस किंवा साठ चित्रे उमटतात, आणि मूळ तत्त्व तेच आहे. त्या रोपाने सावकाराची खात्री पटविली व कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही दिले.

राजा हरिश्चंद्र या चित्रपटाचे काम दादर येथे सुरू झाले. कथा, पडदे, वेष, नटांची तालीम, छायाचित्रण, फीत धुणे व जोडणे ही सर्व कामे दादासाहेबांच्या हातची किंवा त्यांच्या नजरेखालची होती. सरस्वतीबाई सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फितीस छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे कामही करीत. रोहिदासाची भूमिका त्यांच्याच मुलाने केली. तारामतीच्या भूमिकेस मात्र एकही स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नामक तरुणास लुगडे नेसवून उभे करण्यात आले. आपल्याकडील दंडारीत पुरुषच स्त्रीपात्रे करीत आले आहेत, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचे नवल वाटणार नाही.

सुमारे ३७०० फूट लांबीचा हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला आणि लोकांनी तो उचलून धरला. तत्पूर्वी, १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा श्रीपुंडलीक मुंबईत दाखविला गेला होता, हे येथे सांगणे न्यायाचे होईल. परंतु तो एका नाटकाचे चित्रण होता व कॅमेरा परदेशी माणसाच्या हाती होता. सर्व अंगे येथील माणसांनी सिद्ध केलेला पूर्ण कथापट म्हणून मान हरिश्चंद्रास दिला जातो.

पुढे दादासाहेबांनी आपले कार्य नाशिक येथे नेले. मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या व स्त्रियांस पडद्याचे द्वार उघडले. १९१७ च्या लंकादहनात साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका वठविल्या. १९१९ च्या कालियामर्दनात दादासाहेबांची लहान कन्या मंदाकिनी ही श्रीकृष्ण झाली.

येथवरचा भाग यशाचा झाला; परंतु चरित्रकाराने दुसरी बाजू झाकून ठेवू नये. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत धनिक भागीदार आले, तसे मतभेदही आले. खर्चाचा हिशोब व कलेची हौस यांचा मेळ बसेना. दादासाहेब सर्व सोडून काशीस गेले व तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते कंपनीत परतले, तरी पूर्वीचे स्वामित्व उरले नव्हते. १९३१ मध्ये आलमआरा हा बोलपट आला आणि मूकपटांचा काळ संपला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण हा आपला एकमेव बोलपट केला. नंतरचे दिवस त्यांनी नाशिकमध्ये आर्थिक ओढगस्तीत काढिले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावे चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देते. पण त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेकांच्या फिती नष्ट झाल्या असून काहींचे अंशच उरले आहेत.

एकट्याने सर्व भार उचलण्याचा जो गुण आरंभी त्यांस तारक ठरला, तोच पुढे चारचौघांबरोबर चालताना अडचणीचा झाला, असे आम्हांस वाटते. आणि तरीही त्यांच्या आयुष्यातील जी वीस वर्षे भटकंतीची दिसतात, ती वाया गेली असे म्हणता येत नाही. चित्रकलेने त्यांस पडदे रंगविता आले, छायाचित्रणाने कॅमेरा हाती धरता आला, छपाईने रसायनांची ओळख झाली आणि जादूने पडद्यावरील चमत्कार साधले. हरिश्चंद्राच्या वेळी ही सर्व विद्या एकाच कामी आली.

म्हणून पालकांस आमची नम्र सूचना अशी की, मूल चित्रे काढते, यंत्रे उकलते, नाटकात रमते, तेवढ्यावरून ते वाया चालले असा निष्कर्ष घाईने काढू नये. हाती घेतलेली विद्या ते मन लावून शिकते किंवा नाही, एवढे मात्र अवश्य पाहावे. आणि विद्यार्थिमित्रहो, यापुढे मोबाइलवरील खेळ पाहाल तेव्हा तो रचणाऱ्यांचेही स्मरण ठेवा. केवळ खेळणाऱ्याचा वेळ जातो आणि रचणाऱ्यास विद्या लागते. एखाद्या कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याची रोज एक चौकट टिपण्याइतका धीर तुमच्यापैकी कोणाजवळ असेल, तर पडद्याच्या पलीकडची बाजू त्यास परकी राहणार नाही.