दुःखाच्या रानात पीक घेणाऱ्या बहिणाबाई

पावसाळ्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एक चक्कर मारा. गुडघाभर चिखलात वाकून भाताची आवणी करणाऱ्या बाया तुम्हाला दिसतील. उन्हाळ्यात याच बाया हिरडा गोळा करायला डोंगर चढतात. घोड नदी अडवली, धरण झालं, जुनं आंबेगाव आणि भोवतालची गावं पाण्याखाली गेली. घरंदारं उठली, ते दिवस बायांनी कसे काढले, हे त्यांना कोणी विचारलं का? ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचं सारं मनातच राहिलं.

अशाच एका लिहिता न येणाऱ्या शेतकरणीचं बोलणं मात्र सुदैवानं कागदावर उतरलं. आज तिच्या नावानं विद्यापीठ आहे. ती बाई म्हणजे खानदेशच्या बहिणाबाई चौधरी. त्यांच्या कविता तुमच्या मुलांनी शाळेत पाठ केल्या असतील. पण ही बाई जगली कशी, ते आपण शेतकऱ्यांनी नीट समजून घेतलं पाहिजे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या आसोदे गावचा. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी, घरची शेती. शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झालं आणि जळगावच्या नथुजी चौधरींच्या मोठ्या घरात त्या सून म्हणून आल्या. दळण, कांडण, चूल, गोठा आणि वर शेतातली कामं. तुमच्या आजीनं, पणजीनं जे केलं तेच त्यांनी केलं. फरक एवढाच, की हात चालत असताना त्यांच्या तोंडून गाणी निघत. समोर दिसेल त्यावर ती गाणी. विहिरीवरची मोट, जातं, झाडाला लोंबणारा सुगरणीचा खोपा, मातीतून वर येणारा कोंब. भाषाही घरातली, लेवा समाजाच्या बोलीतली.

तिसाव्या वर्षी वैधव्य

तीस वर्षांच्या असताना नथुजी गेले. पदरात काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुलं. सोपान तर तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. पुढं प्लेगच्या साथीत ओंकारला कायमचं अपंगत्व आलं. विचार करा, त्या काळी विधवा बाई म्हणजे घरात असून नसल्यासारखी. कपाळ पुसलेलं, शुभकार्यात मागं राहायचं, जमिनीवर हक्क सांगायचा नाही.

या बाईनं रडून झाल्यावर काय केलं? पदर खोचला आणि कामाला लागली. आणि दुःख दाबून न ठेवता त्याचंही गाणं केलं. कुंकू पुसलं गेलं तेव्हा त्याखाली लपलेली नशिबाची रेघ उघडी पडली, अशा अर्थाचं त्यांचं एक गाणं आहे. त्याच गाण्यात हात बघायला आलेल्या जोतिषाला त्या दारातून परत पाठवतात. तळहातावरच्या रेघोट्यांना नशीब म्हणायला त्या तयार नाहीत. शंभरेक वर्षांपूर्वी एका अडाणी समजल्या जाणाऱ्या विधवेनं हे म्हणावं, याला धाडस म्हणतात!

मनाचंही त्यांनी अचूक ओळखलं होतं. उभ्या पिकात शिरणारं ढोर कितीही हाकललं तरी पुन्हा पिकावरच येतं, तसं मन, असं त्यांनी मांडलं. ज्यानं रात्री रान राखलं आहे त्याला हे समजावून सांगायला नको. वाईट विचार एकदा हाकलून भागत नाही, रोज हाकलावे लागतात. दुःखातून बाहेर येण्याचं याहून सरळ शिक्षण कुठल्या पुस्तकात मिळणार?

मुलाच्या हातातली पेन्सिल

ही गाणी वाऱ्यावर गेली असती. पण धाकटा सोपान शिकला, पुढं सोपानदेव चौधरी म्हणून कवी झाला. त्यानं आणि नात्यातल्या पितांबर चौधरी यांनी आईची गाणी जमतील तशी उतरून घेतली. तरी कितीतरी निसटलीच. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी भीतभीतच ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. हे धन महाराष्ट्रापासून लपवणं हा गुन्हा ठरेल, असं अत्र्यांचं मत पडलं. १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. बाईंना ते पाहायला मिळालं नाही, आणि मिळालं असतं तरी वाचता आलं नसतं! १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून त्यांची गाणी घराघरांत पोचली. १९९० मध्ये जळगावात सुरू झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

आपण काय घ्यायचं?

मंडळी, जयंतीला फोटोला हार घालणं सोपं आहे. त्याऐवजी दोन कामं करून बघा. पहिलं काम गावच्या कारभाऱ्यांसाठी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनानंही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. तुमच्या ग्रामसभेत तो ठराव झाला का? झाला असेल तर हळदीकुंकवाला त्या बाईला कोणी बोलावलं का? ज्यांना आपण अजून तलाठी भाऊसाहेब म्हणतो, त्यांनी वारस नोंद करताना मुलांच्या नावांबरोबर त्यांच्या आईचंही नाव आहे ना, हे आवर्जून पाहावं.

दुसरं काम घरातलं. आई, आजी, चुलती जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल, धरणात गेलेल्या घराची आठवण काढत असेल, तर कामाची घाई सांगून उठू नका. शाळेत जाणाऱ्या पोराला वही घेऊन तिच्याजवळ बसवा. ती बोलेल तसं, तिच्याच भाषेत लिहू द्या. मनातलं बोलून टाकल्यावर बाई हलकी होते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जळगावात एका पोरानं पेन्सिल हातात घेतली म्हणून बहिणाबाई आपल्याला भेटल्या. तुमच्या ओसरीवर कोण बसलंय, तेही एकदा पाहून घ्या.