रस्त्यावरचे मांजरडोळे: पर्सी शॉ यांची गोष्ट

रात्री फ्लॅश मारून मित्राच्या बाईकचा फोटो काढलाय कधी? बाईक काळोखात, मित्राचा चेहरा जेमतेम, आणि नंबर प्लेट मात्र पांढरी फटक! इतकी की कधी कधी नंबरसुद्धा वाचता येत नाही. मोबाईल बिघडलेला नसतो. नंबर प्लेटवरचा चकाकणारा थर प्रकाश इकडेतिकडे न उधळता, जिथून आला तिकडेच परत पाठवतो. मोबाईलवर फ्लॅश आणि कॅमेरा शेजारी शेजारी असतात, म्हणून तो प्रकाश सरळ कॅमेऱ्यात शिरतो. त्याच क्षणी चार पावलं बाजूला उभ्या असलेल्या माणसाला त्या प्लेटमध्ये विशेष काही दिसत नाही.

याला म्हणतात रेट्रोरिफ्लेक्शन. साध्या आरशावर तिरका प्रकाश टाकला तर तो दुसऱ्याच बाजूला निघून जातो. इथे तसं होत नाही, प्रकाश आल्या वाटेने माघारी फिरतो. मांजराचे डोळे अंधारात चमकतात ते याच तत्त्वावर. आणि या एका गोष्टीच्या जोरावर इंग्लंडमधल्या एका रस्ते दुरुस्त करणाऱ्या माणसाने रात्रीचा रस्ता बदलून टाकला. त्यांचं नाव पर्सी शॉ.

शॉ यांचा जन्म १५ एप्रिल १८९० चा, यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्स गावचा. हॅलिफॅक्स म्हणजे कापड गिरण्यांचं गाव. डोंगरउताराचे रस्ते, गिरण्यांचा धूर, त्यात धुकं. वडील गिरणीत मजूर, घरात पोरांची गर्दी, पैशांची कायम ओढाताण. पर्सी दोन वर्षांचे असताना कुटुंब बूथटाउन भागातल्या एका घरात राहायला गेलं आणि शॉ शेवटपर्यंत त्याच घरात राहिले. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते गिरणीत कामाला लागले. इंजिनिअरिंगचं कॉलेज वगैरे काही नाही. पहिल्या महायुद्धात वडिलांबरोबर तोफगोळ्यांचे सुटे भाग बनवले, नंतर स्वतःचा धंदा सुरू केला: लोकांच्या बंगल्यांसमोरच्या वाटा आणि रस्ते डांबराने दुरुस्त करून द्यायचा. त्या कामासाठी त्यांनी स्वतःच एक छोटा रोलरही तयार केला होता. म्हणजे हातात खटपट होती आणि रस्ता कसा असतो, कसा खराब होतो, हे रोजच्या कामातून कळत होतं. पुढे नेमकं हेच उपयोगी पडलं.

आता प्रसिद्ध गोष्ट. १९३३ च्या सुमारास एका रात्री शॉ क्वीन्सबरीकडून हॅलिफॅक्सला घरी चालले होते. उताराचा, वळणांचा रस्ता, दाट धुकं. अचानक समोर दोन ठिपके चमकले. कठड्यावर एक मांजर बसलं होतं. शॉ यांच्या लक्षात आलं की आपण रस्त्याच्या चुकीच्या बाजूला आलोय, आणि पुढे सरळ दरी आहे. मांजराने जीव वाचवला!

गोष्ट झकास आहे, पण दुसरी एक हकीकतही सांगितली जाते आणि मला तीच जास्त पटते. त्या भागात रस्त्यावर ट्रामचे रूळ होते. सतत घासून गुळगुळीत झालेले ते रूळ हेडलाइटच्या उजेडात चमकायचे आणि धुक्यात ड्रायव्हर त्यांच्याच आधाराने गाडी हाकायचे. पुढे ट्राम बंद होऊ लागल्या, रूळ उखडले गेले आणि लोकांच्या लक्षात आलं की आपण इतके दिवस कशाच्या भरवशावर गाडी चालवत होतो. रूळ रस्ता दाखवण्यासाठी कुणी टाकलेच नव्हते. तरी ते गेल्यावर अंधारात रस्त्याची रेघच पुसली गेली.

मग पांढरे पट्टे नव्हते का? होते. पण साधा रंग दिवसा दिसतो, रात्री फिका पडतो. आणि पाऊस पडला की संपलंच. पट्ट्यावर पाण्याचा पातळ थर बसतो, तो आरशासारखा वागतो आणि हेडलाइटचा प्रकाश पुढे ढकलून देतो. ड्रायव्हरकडे काहीच परत येत नाही. पावसाळ्यात रात्री घाटातून गाडी चालवली असेल तर हे वेगळं सांगायला नको: पट्टा असतो, पण दिसत नाही. म्हणूनच आजकाल पट्ट्याच्या रंगात काचेचे बारीक मणी मिसळतात. तेही मणी प्रकाश मागे पाठवतात, पण पाण्याखाली बुडाले की त्यांचाही जोर कमी होतो.

हे किती गंभीर होतं? १९३४ या एका वर्षात ब्रिटनमध्ये रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. तेव्हा गाड्या आजच्या मानाने अगदीच थोड्या होत्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. प्रकाश परत पाठवणारी काच शॉ यांनी शोधलेली नाही. रिचर्ड हॉलिन्स मरे नावाच्या एका अकाउंटंटने तशा काचेचं पेटंट १९२७ मध्येच घेतलं होतं. ती पाट्यांवर वापरली जात होती. पण पाटी उभी असते, वर असते, कुणी तिच्यावरून ट्रक नेत नाही. काच रस्त्याच्या मधोमध बसवायची म्हणजे तीन दुखणी. एक, चाकाखाली ती फुटणार. दोन, चिखलाने माखणार. आणि तीन, ती रोज पुसायला जाणार कोण?

शॉ यांचं डोकं चाललं ते इथे. त्यांनी जाड ओतीव लोखंडाचा एक डबा बनवला आणि तो रस्त्यात पुरला. डब्यात रबराचा ठोकळा, आणि ठोकळ्यात काचेचे चार डोळे, दोन येणाऱ्यांकडे बघणारे आणि दोन जाणाऱ्यांकडे. रबर रस्त्यापेक्षा किंचित वर. गाडीचं चाक त्याच्यावर आलं की रबर दबतं, डोळे खाली जातात आणि चाकाचं वजन लोखंड पेलतं. काच शाबूत! आणि खाली जाताना डोळे रबराच्या कडेवर घासले जातात, आपली पापणी मिटते ना, तसे. लोखंडी डब्यात पावसाचं पाणी साठण्याची सोयही केली होती. चाक पडलं की ते पाणी उसळून डोळे धुतले जायचे. म्हणजे वायपरही आतच आणि पाणीही आतच. बॅटरी नाही, वायर नाही, माणूस नाही. ज्या चाकांमुळे काच खराब व्हायची, तीच चाकं ती साफ करू लागली. जितकी रहदारी जास्त तितके डोळे स्वच्छ.

१९३४ मध्ये पेटंट घेतलं, त्याच वर्षी ब्रॅडफर्डजवळच्या ड्रिगलिंग्टनच्या चौकात पहिले डोळे बसले. मार्च १९३५ मध्ये ‘रिफ्लेक्टिंग रोडस्टड्स’ ही कंपनी उभी राहिली, बूथटाउनमध्येच. पण सुरुवातीला माल उचलला जाईना. नवी वस्तू, रस्ता खोदून बसवायची, खर्च आहे, सरकारी खात्याची परवानगी हवी. कुठलंही सरकार असो, हे ओळखीचं वाटेल.

मग दुसरं महायुद्ध आलं. सप्टेंबर १९३९ पासून ब्लॅकआउट सुरू झाला. जर्मन विमानांना गावं दिसू नयेत म्हणून रस्त्यावरचे दिवे बंद, आणि गाड्यांच्या हेडलाइटवर झाकणं लावून फटीतून येईल तेवढाच उजेड. फुटपाथच्या कडा आणि झाडांचे बुंधे पांढरे रंगवले गेले, तरी लोक मरत होतेच. १९४१ मध्ये रस्त्यांवर ९,१६९ मृत्यू झाले, ब्रिटनमधला आजवरचा सर्वांत मोठा आकडा. अशा वेळी शॉ यांचे डोळे अगदी फिट्ट बसले. ते स्वतः उजेड करत नाहीत, गाडीचा मिणमिणता उजेड तेवढा गाडीकडे परत देतात. वरून उडणाऱ्या वैमानिकाला काहीच दिसत नाही, कारण प्रकाश त्याच्याकडे जातच नाही! आपल्या बाईकच्या फोटोत बाजूला उभ्या असलेल्या माणसासारखंच.

युद्धानंतर वाहतूक खात्यात जेम्स कॅलाहन नावाचे तरुण मंत्री आले (हेच पुढे पंतप्रधान झाले) आणि १९४७ पासून देशभर हे डोळे बसवण्याचं काम जोरात सुरू झालं. कारखान्यात भरभराटीच्या काळात वर्षाला दहा लाखांहून जास्त डोळे तयार होत. पुढे रंगांची भाषाही ठरली. ब्रिटनच्या मोटरवेवर लेनच्या मध्ये पांढरे, डाव्या कडेला लाल, दुभाजकाकडे पिवळसर, आणि आत येण्याच्या किंवा बाहेर पडण्याच्या रस्त्याशी हिरवे. पाटी न वाचताच धुक्यात कळतं की आपण रस्त्यावर नेमके कुठे आहोत. शिवाय लेन सोडली की चाकाखाली धडधड होते, ते वेगळंच.

आपल्या महामार्गांवर चमकतात ते चौकोनी रोड स्टड याच कुळातले, पण प्रकार वेगळा. ते वरून चिकटवलेले किंवा ठोकलेले असतात, त्यांना दबणारं रबर नसतं आणि पुसणारी पापणीही नसते. धूळ बसली की ते आंधळे होतात, पावसाने किंवा झाडूनेच डोळे उघडतात. काहींमध्ये सोलर पॅनल आणि एलईडी असतो, ते स्वतःच लुकलुकतात.

शॉ यांच्याकडे पैसा भरपूर आला. रोल्स-रॉइस घेतली. १९६५ मध्ये ओबीई हा सन्मान मिळाला. पण घर तेच, आणि त्या घरात ना गालिचे ना पडदे, त्यांना ते आवडायचेच नाहीत. लग्न केलं नाही. तळघरात बिअरच्या पेट्या, मित्रांची ये-जा, आणि दिवाणखान्यात एकाच वेळी चालू असलेले अनेक टीव्ही, प्रत्येकावर वेगळा चॅनेल, आवाज बंद. आज आपण मोबाईल हातात धरून टीव्ही बघतो त्याला नावं ठेवणाऱ्यांना हे जरूर सांगा. कारखाना वाढवायची वेळ आली तेव्हा मध्ये एक झाड येत होतं, लहानपणी ते ज्यावर चढायचे तेच. त्यांनी ते तोडू दिलं नाही, इमारत झाडाभोवती बांधून घेतली.

१ सप्टेंबर १९७६ रोजी त्याच घरात, वयाच्या ८६ व्या वर्षी, पर्सी शॉ गेले. क्वीन्सबरीहून हॅलिफॅक्सकडे उतरणारा तो रस्ता तिथून अगदी जवळ आहे.