दुर्बीण, किंमत आणि सलीम अली

अंबाझरीवर पक्षी बघायला महागडी दुर्बीणच हवी का? मला उत्तर सलीम अलींच्या आयुष्यात सापडलं. १८९६ ला मुंबईत जन्म, लहानपणीच आईवडील गेले, मामांनी वाढवलं. १९३० ला जर्मनीहून शिकून परतले, तर पैशाअभावी म्युझियममधली नोकरीच बंद झालेली! मग अलिबागजवळ किहीमला राहिले. घराजवळच सुगरणींची घरटी होती. ती त्यांनी कित्येक दिवस जवळून बघितली आणि एकच नर अनेक माद्यांशी घरोबा करतो हे शोधलं. १९४१ ला पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. १९८७ ला ते गेले.

महागड्या काचेतून संध्याकाळच्या कमी उजेडात जास्त स्वच्छ दिसतं, हे खरंच. पण रोज बघायची सवय लागेपर्यंत, मेसचं बिल सांभाळून, साधीच घ्या.