कऱ्हेकाठचे अत्रे

रेवदंड्याला किंवा हरिहरेश्वराला ज्यांनी खाडीचे विस्तीर्ण पाणी पाहिले आहे, त्या कोकणातील मुलांना कऱ्हा नदी पाहून कदाचित हसू येईल. पुरंदरच्या डोंगरात उगम पावणारी ही लहानशी नदी सासवड व जेजुरीच्या बाजूने वाहत जाऊन पुढे नीरेला मिळते. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू आणि दगडच अधिक दिसतात. परंतु या नदीचे नाव एका लेखकाने आपल्या आत्मचरित्राला दिले आणि ते महाराष्ट्रभर घरोघरी पोचले. ते लेखक म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे.

अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत खुर्द या गावी झाला. सासवड हे सोपानदेवांच्या समाधीचे गाव. तेथील देवळे, नदीचा घाट आणि समोर दिसणारा पुरंदर किल्ला यांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. पुढे शिक्षणासाठी ते पुण्यास आले. तेथे त्यांना राम गणेश गडकरी यांचा सहवास लाभला. गडकरी हे मोठे कवी, मोठे नाटककार आणि तितकेच मोठे विनोदी लेखक. अत्रे यांनी मनोमन त्यांना गुरू मानले. १९१९ साली गडकरी अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी निवर्तले. त्याच वर्षी अत्रे पदवीधर झाले.

पदवी मिळाल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. पुण्याच्या लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले आणि ती शाळा त्यांनी नावारूपास आणली. १९२८ साली लंडन विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातील पदविका घेऊन ते परतले. त्या काळची क्रमिक पुस्तके रूक्ष असत. उपदेश भरपूर, पण मुलांच्या रोजच्या जीवनाशी त्यांचा संबंध थोडा. अत्रे यांनी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. मुलाला धडा वाचावासा वाटला पाहिजे, ही त्यांची पहिली अट होती. तुमच्या हातातील पुस्तकात एखादा धडा वाचताना तुम्हाला हसू आले, तर त्याचे थोडे श्रेय या मुख्याध्यापकांकडे जाते. मुलींसाठीही त्यांनी पुण्यात आगरकर हायस्कूल काढले. याच कार्यामुळे लोक त्यांना आचार्य म्हणू लागले.

परंतु शाळेतील कामाने त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. त्या वेळी पुण्यात काही कवींचे मंडळ मोठे प्रसिद्ध होते. हे कवी आपल्या कविता गाऊन दाखवीत. त्यांतील काही कवितांचा नाटकीपणा अत्रे यांच्या नजरेतून सुटला नाही. 'केशवकुमार' हे नाव घेऊन त्यांनी त्या कवितांची विडंबने लिहिली. विडंबन करणारा मूळ कवीचेच वृत्त घेतो, त्याचाच गंभीर आव आणतो आणि विषय मात्र अगदी क्षुल्लक निवडतो. अत्रे यांनी तर कपडे धुणाऱ्या परिटालाच उद्देशून मोठ्या थाटाची कविता रचली. १९२५ साली 'झेंडूची फुले' या नावाने ही विडंबने पुस्तकरूपाने निघाली. ज्यांची थट्टा झाली ते कवी हयात होते, आणि पुण्यातच वावरत होते. सारे शहर हसत असताना त्यांना काय वाटले असेल, याचाही विचार वाचकाने करावा. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ज्याला त्या कविता मनापासून समजल्या नव्हत्या, त्याच्या हातून अशी विडंबने झालीच नसती.

पुढे ते रंगभूमीकडे वळले. त्या काळी सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार चालू होता. घरातील सर्वांनी नमस्कार घातलेच पाहिजेत असा हट्ट धरणाऱ्या एका गृहस्थाची गंमत त्यांनी १९३३ सालच्या 'साष्टांग नमस्कार' या नाटकात दाखविली. प्रेक्षक पोट धरधरून हसले. लगेच पुढल्या वर्षी त्यांनी 'घराबाहेर' हे नाटक लिहिले. त्यात घर सोडावे लागलेल्या एका स्त्रीचे दुःख होते. हसविणारा लेखक असे काही लिहील, ही कल्पना पुष्कळांना नव्हती.

तसेच 'श्यामची आई' या चित्रपटाचे झाले. साने गुरुजींचे मूळ पुस्तक कोकणातील एका गरीब घराचे आहे. त्यात गंमत फार थोडी; आईची माया आणि तिचे कष्ट हाच त्याचा विषय. गुरुजी १९५० साली निवर्तले. १९५३ साली अत्रे यांनी हा चित्रपट पडद्यावर आणला. सभेत हजारोंना हसविणाऱ्या माणसाने या वेळी प्रेक्षकांना रडविले. चित्रपटांना राष्ट्रपतींचे सुवर्णपदक देण्याची प्रथा सुरू झाली, त्या पहिल्याच वर्षी ते पदक या चित्रपटाला मिळाले.

याच सुमारास त्यांचे 'मी कसा झालो' हे पुस्तक निघाले. आपण कवी, शिक्षक, नाटककार कसे झालो, याच्या हकिकती त्यात आहेत. थोर माणसे आत्मचरित्र लिहू लागली की पुष्कळदा स्वतःच्या चुका झाकून ठेवतात. अत्रे यांना ते साधत नसे, आणि साधावे असेही वाटत नसावे. दुसऱ्यांची थट्टा करणारा हा माणूस स्वतःच्या फजितीचीही गोष्ट रंगवून सांगतो. म्हणूनच ते लेखन आजही ताजे वाटते. अतिशयोक्तीची मात्र त्यांना भारी हौस. त्यांच्या भाषणात एखाद्या गोष्टीची थोरवी आली की मागील दहा हजार वर्षांचा हिशेब निघायचाच!

१९५६ साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीसाठी त्यांनी 'मराठा' हे दैनिक काढले. मराठी भाषकांचे मुंबईसह एक राज्य व्हावे, यासाठी ते गावोगाव फिरले. त्यांच्या सभांना मैदाने अपुरी पडत. त्यांचा विनोद आता शस्त्र झाला होता. पंडित नेहरूंसारखे थोर पुढारीही त्यातून सुटले नाहीत. कधी कधी त्यांच्या शब्दांनी मर्यादा ओलांडली, हेही खरेच. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

१९६३ सालापासून 'कऱ्हेचे पाणी' या आत्मचरित्राचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. दुसऱ्याच वर्षी साऱ्या जगाला हसविणाऱ्या चार्ली चॅप्लिन या नटाचे आत्मचरित्र परदेशात निघाले. त्यातही बालपणीच्या दारिद्र्याची हकिकत मोठी हृदयद्रावक आहे.

त्याच १९६४ सालच्या मे महिन्यात पंडित नेहरूंचे निधन झाले. अत्रे यांनी नेहरूंवर लेखामागून लेख लिहिले. पुढे 'सूर्यास्त' या नावाने त्यांचे पुस्तक झाले. ज्या लेखणीने वर्षानुवर्षे नेहरूंवर प्रहार केले, तीच लेखणी आता शोकाने भरून आली होती. विरोधक म्हणून लिहिलेले एकही अक्षर त्यांनी लपविले नाही, आणि दुःखही लपविले नाही.

१३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्रे यांचे निधन झाले. तोपर्यंत 'कऱ्हेचे पाणी'चे पाच खंड निघाले होते, आणि सांगावयाचे अजून पुष्कळ राहिले होते.