मिस् ॲडलेड मॅनिंग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विलायतेस शिकावयास जाणारा हिंदी तरुण बोटींतून उतरला म्हणजे गोंधळून जाई. बिऱ्हाड कोठें करावें, कोणत्या विद्यापीठांत नांव घालावें, हें सांगणारें आपलें माणूस तेथें नसे. अशा अनेकांस ज्यांनीं वडीलधारेपणानें हात दिला, त्या मिस् ॲडलेड मॅनिंग ह्यांचा परिचय आम्ही आमच्या वाचकांस करून देत आहों.

बाईंचा जन्म १८२८ चा. वडील नामांकित कायदेपंडित. सावत्र आईनें प्राचीन हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला होता, व १८६९ सालीं स्त्रियांसाठीं जें कॉलेज निघालें (हेंच पुढें केंब्रिजचें गर्टन कॉलेज झालें) त्याची पहिली प्रमुखही तीच. तेव्हां हिंदुस्थानची आस्था बाईंना घरींच लाभली. मेरी कार्पेंटर ह्यांनीं १८७० मध्यें स्थापिलेल्या नॅशनल इंडियन असोसिएशनचें चिटणीसपद १८७७ सालीं त्यांजकडे आलें, तें १९०५ मध्यें देह ठेवीपर्यंत त्यांनीं सांभाळलें. धर्म व राजकारण ह्यांत पडावयाचें नाहीं, असा संस्थेचा नियम असे.

बाईंच्या घरीं येणाऱ्यांत कायद्याचा एक विद्यार्थी इतका लाजाळू होता कीं, कोणीं विचारल्याखेरीज तो बोलतच नसे. हा तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. बाईंनीं त्याचा स्वभाव ओळखला होता. नारायण हेमचंद्र नांवाचे एक गुजराती लेखक नुकतेच तेथें आले होते; त्यांना इंग्रजी मुळींच येत नव्हतें. बाईंनीं दोघांची गांठ घालून दिली, आणि हा अबोल विद्यार्थी त्यांना इंग्रजी शिकवूं लागला! गोष्ट लहानशी खरी. परंतु पाहुण्यांच्या गर्दींत कोपऱ्यांतल्या मुलाकडे यजमानाचें लक्ष जाणें किती विरळा, हें आमच्या वाचकांतील लाजाळू मुलांस ठाऊक असेलच.

आपल्या नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्यांची हकीकत अशीच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून त्या उत्तम रीतीनें पदवीधर झाल्या. पण विलायतेची सरकारी शिष्यवृत्ति केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यांत आली. तेव्हां इंग्लंडांत त्यांच्यासाठीं पैसा उभा करणाऱ्यांत मॅनिंगबाई होत्या. सोराबजी १८८९ सालीं ऑक्सफर्डास गेल्या व १८९२ सालीं कायद्याच्या परीक्षेस बसल्या. पदवी मात्र १९२२ सालीं हातीं आली. तो दिवस पाहावयास बाई नव्हत्या.

त्यांच्या पश्चात् १९०९ सालीं सरकारनें विद्यार्थ्यांच्या सल्ल्यासाठीं लंडनमध्यें स्वतःचें खातें काढलें. आपल्यावर नजर ठेवण्यासाठींच तें आहे, असा संशय येऊन पुष्कळ हिंदी विद्यार्थी त्याच्यापासून दूरच राहिले.